अमरावतीचे भगवानदादा : एका पिकाची कमाई

लग्नाच्या वरातीत एखादा जाडजूड गडी कोपरातून हात वाकवून, खांदे हलवत सावकाश नाचतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. हा नाच घरोघरी पोचवणारे नट भगवानदादा जन्माने आपल्याच विभागातले, अमरावतीचे.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील गिरणी कामगार. भगवान यांनीही मुंबईत मजुरी केली. कुस्तीचा नाद होता, अंगही दणकट, म्हणून लोक त्यांना दादा म्हणू लागले. मूकपटांच्या काळातच ते सिनेमात शिरले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्याचं नाव तर बघा, 'बहादूर किसान'! त्यानंतर दहा-अकरा वर्षे त्यांनी कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढले. कामगार वस्तीत ते आवडीने पाहिले जात. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात दादांची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांचा डोळा कायमचा अधू झाला, हेही सांगितले पाहिजे. १९४७ साली दादांनी चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला.

पुढे राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला. त्यातून १९५१ मध्ये 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. चित्रपट तुफान चालला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला झाला, दारात सात मोटारी उभ्या राहिल्या.

आता पुढचं नीट ऐका. एक चित्रपट चालला म्हणून दादांनी त्याच धर्तीवर १९५३ मध्ये 'झमेला' काढला. पण 'अलबेला'सारखं पीक पुन्हा हाती आलं नाही. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला 'हंसते रहना' तर पुरा झालाच नाही, पैसा त्यात अडकला. बंगला गेला, मोटारी गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहू लागले. मिळेल ती लहान भूमिका, मिनिट-दोन मिनिटांचा नाच, असं काम त्यांनी वर्षानुवर्षे केलं. पडत्या काळात मोजकेच मित्र टिकले, त्यांत सी. रामचंद्र आणि ओमप्रकाश होते. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादा गेले. २०१६ साली त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला.

तुम्ही म्हणाल, सिनेमावाल्याची गोष्ट शेतीच्या पानावर कशाला? तर एखाद्या साली सोयाबीनला भाव मिळाला, की पुढच्या साली सगळं वावर आपण सोयाबीनखाली घालतो, वरून कर्जही काढतो. एखादी ओळ तुरीची ठेवावी, चार पैसे बाजूला टाकावेत, हे चांगल्या सालीच सुचलं पाहिजे. वाईट साली सुचून उपयोग नाही. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनीही गावसभेत ही गोष्ट जरूर सांगावी. आणि पुढच्या वरातीत तो नाच दिसला, की दादांची आठवण काढा.