नामदार गोखल्यांची माफी

पुढारी म्हटला की तो कणखर असावा, एकदा उच्चारलेला शब्द त्याने मागे घेऊ नये, आणि चूक झालीच तर ती चारचौघांत कबूल करू नये, अशी आपल्या समाजाची पक्की समजूत आहे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत तिचा अनुभव येतो. नळाला पाणी नाही तर दोष पावसाचा, गटार तुंबले तर दोष मागच्या सभासदांचा. माझे चुकले असे म्हणणारा विरळाच. राज्यशास्त्राच्या तासाला स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास करताना मला म्हणूनच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र पुनःपुन्हा आठवत राहिले. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या पुरुषाने त्याआधी काही वर्षे साऱ्या देशासमोर माफी मागितली होती.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा पंधरा रुपये पगार होता, त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. त्या आठ रुपयांची जाणीव गोखल्यांनी जन्मभर ठेवली. शाळेतली त्यांची एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. दुसऱ्याच्या मदतीने सोडविलेल्या गणिताबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा हा मुलगा रडू लागला, असे सांगतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो, पुढच्या आयुष्याकडे पाहता ती त्यांना शोभते. १८८४ साली ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी न धरता त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षकी पत्करली आणि न्यायमूर्ती रानडे यांना गुरू मानून सार्वजनिक कामाचे धडे घेतले.

१८९७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात कसोटीचे ठरले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेला निघाले. वाटेत कॅले येथे पडून त्यांच्या छातीला जबर मार बसला, तरी साक्षीत त्यांनी उणेपणा येऊ दिला नाही. एप्रिल महिन्यात दिलेल्या त्या साक्षीने तिशीतल्या या प्राध्यापकाचे नाव झाले.

इकडे पुण्यात मात्र प्लेगने हाहाकार उडविला होता. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि प्लेगचा बंदोबस्त रँडसाहेबांच्या समितीकडे गेला. घरे तपासण्यासाठी गोरे शिपाई नेमले गेले. ते थेट देवघरात आणि माजघरात शिरत. रोगी इस्पितळात आणि घरची माणसे छावणीत, अशी कुटुंबांची ताटातूट होई. लोक रोगापेक्षा तपासणीला अधिक भिऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

गोखल्यांना लंडनमध्ये पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे येत होती. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात शिपायांच्या वर्तनावर गंभीर आरोप केले. दोन स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्यांतील एकीने पुढे आत्महत्या केल्याचे सांगतात, असा त्यांतला सर्वांत भयंकर आरोप होता. पार्लमेंटमध्ये खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारले आणि पुरावा मागितला.

जुलैच्या अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईला लागली, तेव्हा पोलीस कमिशनर स्वतः बोटीवर येऊन त्यांना भेटले. दोन-तीन दिवस आधीच लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले होते. अशा भयाच्या वातावरणात पुढे येऊन साक्ष कोण देणार? गोखल्यांनी प्रयत्न केला, पण पुरावा हाती येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून स्वतः मोकळे होण्याचा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी वृत्तपत्रांतून गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद आणि शिपाई यांची बिनशर्त माफी मागितली.

माफीनंतर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. ते भित्रे आहेत, सरकारला शरण गेले, असे लोक उघड म्हणू लागले. त्याच वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात लोकांचा रोष एवढा होता की त्यांना बोलण्याची संधी मिळाली नाही. सार्वजनिक जीवनातून निवृत्त व्हावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

ती माफी योग्य होती का? याबद्दल आमच्या वर्गात दोन तट पडले होते. माझे मत असे आहे की जो आरोप सिद्ध करता येत नाही तो मागे घेणे हे त्यांचे कर्तव्यच होते. परंतु पुरावा मिळाला नाही म्हणजे पुणेकरांचे हाल झाले नाहीत असा अर्थ होत नाही, आणि सरसकट माफीमुळे ते हालही खोटे ठरले, असे लोकांना वाटले असेल तर त्यांचाही दोष नव्हता. म्हणून माफीचे शब्द थोडे तोलून वापरायला हवे होते, असे मला वाटते. तरीही तिला भित्रेपणा म्हणता येत नाही. भित्र्या माणसाने नावे सांगितली असती किंवा तो पुण्याबाहेर राहिला असता. गोखले पुण्यातच राहिले आणि पुढच्या साथीत स्वयंसेवक होऊन प्लेगच्या कामाला लागले. जे लोक त्यांना हसत होते त्यांच्याच दारात त्यांना रोज उभे राहावे लागले.

पुढे १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात आणि नंतर वरिष्ठ कायदेमंडळात निवडून गेले. १९०२ नंतरच्या वर्षांत त्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. वरिष्ठ कायदेमंडळातला सभासद मतदारांपासून शेकडो मैल दूर बसतो, नगराध्यक्षाला मात्र त्याच गल्लीबोळांतून जावे लागते. त्याचा प्रत्येक शब्द लोकांच्या लक्षात असतो. गोखल्यांचा पडता काळ पुण्याने डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यांनी तो झाकला नव्हता. त्यांच्यावर पुन्हा विश्वास बसला याचे एक कारण मला यातच दिसते.

स्थानिक संस्थांवरील त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत टिकली. विकेंद्रीकरण कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी ग्रामपंचायतींचा पुरस्कार केला. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यातही सक्ती लागू करण्याचा अधिकार नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना द्यावा अशी योजना होती. विधेयक फेटाळले जाणार हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी सभागृहात मोकळेपणाने बोलून दाखविले. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. स्वतःचे अपयश आधीच मान्य करून काम पुढे ढकलत नेणारा हा माणूस १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारला. त्या वेळी त्यांचे कडवे प्रतिस्पर्धी लोकमान्य सिंहगडावरून धावत आले आणि अंत्यविधीच्या वेळी त्यांच्याविषयी आदराने बोलले. तीनच वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार कायद्याने मिळाला.

आज आपल्यापैकी कोणी उद्या सरपंच होईल, कोणी नगरसेवक. पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा हिशेब लोक आपल्याला तोंडावर विचारतील. त्या वेळी पुरावा नसलेला शब्द मागे घेण्याचे आणि तरीही त्याच लोकांत वावरण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे. गोखल्यांची विद्वत्ता सर्वांना साधणार नाही, पण एवढे तरी साधावे.