कुंडीवाले मोनिए आणि आमच्या गॅलरीची भेग

आम्ही बाळकुमला राहतो, खाडीपासून जवळच. पावसाळा संपला तेव्हा गॅलरीच्या छताला एक बारीक भेग दिसली. पुट्टी भरून रंग मारायचा, असं बाबांनी ठरवून टाकलं. पण भेगेच्या कडेला तांबूस डाग होता. तो बघून मला जोसेफ मोनिए आठवले.

मोनिए 1823 साली फ्रान्समध्ये जन्मले. पेशाने माळी. लाकडी कुंड्या कुजायच्या, मातीच्या फुटायच्या. म्हणून त्यांनी लोखंडी जाळीवर सिमेंट थापून कुंड्या बनवल्या आणि 1867 मध्ये पेटंट घेतलं. पुढे पाइप, टाक्या, आणि 1875 मध्ये शाझले गावात चक्क एक पूल! त्यांच्या पद्धतीचे हक्क जर्मनीत विकले गेले आणि तिथल्या इंजिनिअरांनी ती मोठी केली. मोनिएंचा धंदा मात्र 1888 मध्ये बुडाला. 1906 मध्ये ते गेले, तेही पैशाच्या ओढाताणीत.

त्यांची कल्पना का टिकली? सिमेंट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या लोखंडावर एक पातळ संरक्षक थर बसतो. पण भेगेतून खारं पाणी शिरलं की क्लोराइड तो थर फोडतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मग काँक्रीट आतून फुगतं आणि भेग रुंदावते. गोव्यात 1970 चा मांडवी पूल 1986 मध्ये कोसळला, तोही आतल्या तारा गंजल्यामुळेच.

आता काँक्रीटमध्ये पोलादाचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे तंतू मिसळतात. हे तंतू भेगेला टाक्यांसारखे धरून ठेवतात, ती रुंदावू देत नाहीत. प्लॅस्टिक गंजत नाही. पोलादी तंतू सुटे सुटे असल्याने गंज एकातून दुसऱ्यात सहज पसरत नाही. भेग केसासारखी बारीक असेल, तर कधीकधी ती आतून आपोआप बुजतेही. पण रुंद भेगेत, खाऱ्या पाण्यात, तेच तंतू गंजून तुटू शकतात. म्हणजे तंतू टाकले म्हणून निर्धास्त राहायचं नाही!

आमच्या गॅलरीत तर तंतू नाहीत, साध्या सळया आहेत. मी भेगेशेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढला आणि बाबांना दाखवला. पुट्टीचा डबा परत गेला. रविवारी स्ट्रक्चरल इंजिनिअर येतोय. तुमच्या घरी भेगेजवळ तांबूस डाग दिसला, तर रंग मारायच्या आधी तुम्हीही हेच करा.