शिवाजी पार्कचे द्रोणाचार्य

क्रीडा प्रशिक्षकांच्या गौरवार्थ केंद्र सरकारने १९८५ पासून दरवर्षी द्रोणाचार्य पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. १९९० मध्ये हा सन्मान रमाकांत आचरेकर यांना लाभला, तेव्हा दादरच्या शिवाजी पार्कवर शाळकरी मुलांना घडविण्यात त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे खर्ची पडली होती.

१९३२ साली जन्मलेले आचरेकर मूळचे मालवणचे. खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आला. ती उणीव त्यांनी शिष्यांच्या बाबतीत राहू दिली नाही. नेटमधील सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यातच फलंदाज घडतो, ही त्यांची धारणा होती. म्हणूनच सचिन तेंडुलकरला त्यांनी क्रिकेटची परंपरा असलेल्या शारदाश्रम शाळेत जाण्याचा सल्ला दिला आणि स्कूटरवर बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेले. यष्टीवर ठेवलेले रुपयाचे नाणे सचिन नाबाद राहिला तर त्याचे, अन्यथा त्याला बाद करणाऱ्या गोलंदाजाचे! १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत ६६४ धावांची भागीदारी रचणारे सचिन आणि विनोद कांबळी दोघेही त्यांचेच शिष्य. चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर हेही त्याच तालमीतले.

२०१० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी सरांचे निधन झाले. पुरस्काराने शिष्यांचे यश मोजले. भर उन्हात मुलांसाठी सामने जुळविण्याचे त्यांचे कष्ट मात्र कोणत्याही मोजमापात बसणारे नव्हते. आज भाईंदर पश्चिमेहून किटबॅग सावरीत लोकल पकडणाऱ्या मुलालाही असाच गुरू हवा असतो.