विश्लेषण : एकाच आलेखात दोन मोजपट्ट्या का फसवतात? आलेखांचे जनक विल्यम प्लेफेअर यांची कहाणी काय सांगते?

एक्सेलमध्ये दोन वेगळ्या एककांचे आकडे एकाच आलेखात बसवायला अर्धा मिनिटही लागत नाही. डावीकडे रुपये, उजवीकडे टक्के. दोन रेषा बरोबरीने वर चढताना दिसल्या, की एकामुळे दुसरे घडले असे आपसूक वाटू लागते. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तर दोन्ही बाजूंचे आकडे वाचायची तसदीही कुणी घेत नाही.

ही सोय आणि तिच्यातला धोका, दोन्हींचे मूळ एकाच माणसापाशी जाते. विल्यम प्लेफेअर हे त्यांचे नाव. शाळेत शिकवला जाणारा स्तंभालेख, वृत्तालेख आणि आर्थिक आकड्यांचा रेषालेख यांचे जनक म्हणून ते ओळखले जातात. आयुष्यभर कर्जात बुडालेल्या या माणसाने आकडे डोळ्यांना दाखवण्याची कला जगाला दिली. पुढे आपले म्हणणे पटवण्याच्या भरात त्यांनी केलेल्या चुका आजही रोज होतात.

प्लेफेअर कोण होते?

२२ सप्टेंबर १७५९ रोजी स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळच्या लिफ गावात त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. विल्यम अवघे १२-१३ वर्षांचे असताना, १७७२ मध्ये वडील गेले आणि घराची जबाबदारी थोरला भाऊ जॉन यांच्यावर आली. हे जॉन प्लेफेअर पुढे एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाले; गणितज्ञ आणि भूशास्त्राचे अभ्यासक म्हणून त्यांनी नाव कमावले.

जॉन यांनी धाकट्या भावाला एक काम लावून दिले होते. रोज तापमापकावरचा आकडा बघायचा आणि तो कागदावर रेषेच्या उंचीने दाखवायचा. जे मोजता येते, ते रेषेने दाखवता येते हा धडा विल्यम यांना घरातच मिळाला.

पुढे त्यांनी मळणीयंत्राचे संशोधक अँड्र्यू मीकल यांच्याकडे उमेदवारी केली. १७७७ मध्ये ते बर्मिंगहॅमला बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीत दाखल झाले. वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध झालेले जेम्स वॉट यांचे ते आरेखक आणि साहाय्यक होते. यंत्राचे प्रमाणबद्ध रेखाटन, मोजपट्टी, स्केल हे सगळे इथेच हातात बसले. चार-पाच वर्षांनी नोकरी सोडून त्यांनी लंडनमध्ये चांदीच्या वस्तूंचा धंदा मांडला. तो चालला नाही.

१७८६ च्या पुस्तकात नवे काय होते?

धंदा बसल्यावर प्लेफेअर लेखनाकडे वळले. १७८६ मध्ये त्यांचे कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास हे पुस्तक आले. नावात ॲटलास असले तरी आत एकही नकाशा नव्हता. होते ४४ आलेख. त्याआधी देशाचा व्यापार म्हणजे आकड्यांचे लांबलचक तक्ते असत. प्लेफेअर यांनी आडव्या अक्षावर वर्षे घेतली, उभ्या अक्षावर पौंड घेतले आणि आयात-निर्यातीच्या रेषा काढल्या. दोन रेषांमधली जागा रंगवली. तो रंगीत पट्टा म्हणजेच व्यापारातील तूट किंवा शिल्लक.

यातला डेन्मार्क आणि नॉर्वेबरोबरच्या इंग्लंडच्या व्यापाराचा आलेख आजही पाठ्यपुस्तकांत छापला जातो. त्यात १७०० ते १७८० असा काळ आहे. सुरुवातीला आयात वर आणि निर्यात खाली आहे. १७५० च्या दशकाच्या मध्यावर रेषा एकमेकींना छेदतात आणि त्यानंतर निर्यात वर जाते.

तो छेदबिंदू खरा आहे, कारण दोन्ही रेषा पौंडांतच मोजलेल्या आहेत आणि मोजपट्टीही एकच आहे. रेषा जिथे छेदतात, तिथे आयात आणि निर्यात खरोखरच समान झाली होती. मोजपट्टी ताणा किंवा दाबा, छेदाचे वर्ष बदलणार नाही. दोन अक्षांच्या आलेखात नेमकी हीच हमी जाते.

४४ पैकी ४३ आलेख रेषांचे होते. उरलेला एक स्तंभालेख होता आणि तो अडचणीतून जन्मला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे फक्त एका वर्षाचे आकडे प्लेफेअर यांच्या हाती होते. एका वर्षाची रेषा काढणार कशी? म्हणून त्यांनी १७ ठिकाणांशी झालेली आयात-निर्यात आडव्या पट्ट्यांनी दाखवली.

पुस्तक छापण्याआधी वॉट यांनी त्यांना एक सल्ला दिला होता. आलेखासोबत मूळ आकड्यांचे तक्तेही छापा, नाहीतर लोक चित्रावर विश्वास का ठेवतील, असा त्याचा आशय होता. पहिल्या आवृत्तीत तक्ते आले. १८०१ च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र प्लेफेअर यांनी ते गाळले.

पॅरिसला जाऊन काय घडले?

१७८७ मध्ये प्लेफेअर पॅरिसला गेले. ॲटलास सोळाव्या लुईच्या दरबारापर्यंत पोहोचला होता आणि १७८९ मध्ये त्याची फ्रेंच आवृत्तीही निघाली. त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला.

याच काळात ते सायोटो कंपनीच्या व्यवहारात पडले. अमेरिकेतील ओहायो भागातल्या जमिनी ही कंपनी फ्रेंच लोकांना विकत होती. क्रांतीच्या धामधुमीतून बाहेर पडू पाहणाऱ्या अनेकांनी पैसे भरले. १७९० मध्ये ते समुद्रापलीकडे पोहोचले, तेव्हा कळले की ज्या जमिनीचे कागद आपल्या हातात आहेत, तिची मालकी कंपनीकडे नव्हतीच. त्यांतल्या काहींनी वसवलेले गॅलिपोलिस हे गाव आजही ओहायोमध्ये आहे. पैशांच्या गोंधळाचा आळ प्लेफेअर यांच्यावर आला.

लंडनला परतल्यावर १७९७ मध्ये त्यांनी सिक्युरिटी बँक नावाची बँक भागीदारीत काढली. तीही बुडाली. कर्जापायी त्यांना फ्लीट तुरुंगाची हवाही खावी लागली. पोट भरायचे साधन एकच उरले, ते म्हणजे लेखणी. राजकारण, अर्थकारण, चरित्रे अशा विषयांवर ते अखेरपर्यंत लिहीत राहिले.

दोन मोजपट्ट्यांची गडबड कुठे झाली?

१८०१ मध्ये त्यांचे स्टॅटिस्टिकल ब्रेव्हियरी हे पुस्तक आले. युरोपातील देशांची ताकद एका नजरेत दाखवणे हा त्याचा उद्देश. पुस्तकाला हिंदुस्थानातील सत्तांची माहिती देणारी पुरवणीही जोडली होती. टिपू सुलतानचा पाडाव होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि पुण्यात दुसरा बाजीराव पेशवेपदावर होता. याच पुस्तकात जगातला पहिला वृत्तालेख सापडतो. तुर्की साम्राज्याचा आशिया, युरोप आणि आफ्रिकेतील विस्तार त्यात एका वर्तुळाचे तुकडे करून दाखवला आहे.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो युरोपचा आलेख. त्यात प्रत्येक देशासाठी एक वर्तुळ आहे. जितका देश मोठा, तितके वर्तुळ मोठे. वर्तुळाच्या डाव्या कडेला उभी रेषा, तिची उंची म्हणजे लोकसंख्या. उजव्या कडेला दुसरी उभी रेषा, तिची उंची म्हणजे सरकारचा महसूल. दोन्ही रेषांची टोके एका तुटक रेषेने जोडलेली. तुटक रेषा कोणत्या बाजूला झुकते, यावरून लोकांवर कराचा बोजा किती हे वाचकाने ओळखायचे. ब्रिटनची रेषा बहुतेक देशांच्या उलट झुकलेली दिसते. ब्रिटिश जनता कराखाली दबली आहे, हे प्लेफेअर यांना ठसवायचे होते आणि चित्र ते ठसवतेही.

पण यात दोन गफलती आहेत.

पहिली गफलत एककांची. दहा लाख माणसे आणि दहा लाख पौंड यांना त्यांनी कागदावर सारखीच उंची दिली. ही बरोबरी निसर्गात कुठेही नाही, ती फक्त काढणाऱ्याने ठरवली. हाच महसूल फ्रेंच फ्रँकमध्ये मोजला असता तर? एका पौंडाचे तेव्हा वीसहून अधिक फ्रँक होत. उजवीकडच्या रेषा वीसपटीने उंचावल्या असत्या आणि बहुतेक देश ब्रिटनच्याच बाजूला झुकलेले दिसले असते. कर मात्र एका पैशानेही वाढलेला नसता.

दुसरी गफलत उताराची. वर्तुळ मोठे, तर दोन उभ्या रेषांमधले अंतरही मोठे. म्हणजे लोकसंख्या आणि महसूल सारखेच असलेल्या दोन देशांपैकी आकाराने मोठ्या देशाची तुटक रेषा कमी तिरपी दिसणार आणि लहान देशाची जास्त. ज्या तिरपेपणावरून कराचा बोजा जोखायचा, त्यात देशाचे क्षेत्रफळ मिसळले गेले.

एक्सेलमध्ये हेच कसे घडते?

एक्सेलमध्ये इन्सर्ट मेन्यूतून कॉम्बो चार्ट निवडायचा आणि हव्या त्या मालिकेपुढे सेकंडरी ॲक्सिसवर टिक करायची. किंवा रेषेवर राइट क्लिक करून फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये सेकंडरी ॲक्सिस निवडायचा. गुगल शीट्समध्ये कस्टमाइज, मग सिरीज, मग राइट ॲक्सिस. उजवीकडे दुसरा उभा अक्ष उगवतो. दोन्ही अक्षांची सुरुवात आणि शेवट सॉफ्टवेअर आपल्या हिशेबाने ठरवते. फॉरमॅट ॲक्सिसमध्ये जाऊन मिनिमम आणि मॅक्सिमम हे आकडे आपल्यालाही बदलता येतात. सगळी मेख तिथेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका सोसायटीचा मेंटेनन्स वर्षभरात महिना २,००० रुपयांवरून २,१०० रुपये झाला. त्याच काळात पाण्याचे टँकर महिन्याला १० वरून २० झाले. डावा अक्ष २,००० ते २,१०० ठेवला आणि उजवा १० ते २०, तर दोन्ही रेषा तळापासून माथ्यापर्यंत सारख्याच चढतात. पाहणाऱ्याला वाटेल, टँकर वाढले तेवढाच मेंटेनन्स वाढला. प्रत्यक्षात मेंटेनन्स ५ टक्क्यांनी वाढला आणि टँकर दुप्पट झाले. आता दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू केले, तर मेंटेनन्सची रेषा जवळपास सपाट दिसेल. आकडे तेच, चित्र वेगळे, आणि सभेतला निर्णयही वेगळा होऊ शकतो.

मग १८२१ च्या गव्हाच्या आलेखाचे काय?

प्लेफेअर यांचा सर्वात गाजलेला आलेख उतारवयातला आहे. शेतीच्या हलाखीवर १८२१ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत तो आला. १५६५ पासून १८२१ पर्यंत, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांचा काळ त्यात आहे. गव्हाचे दर उभ्या स्तंभांनी आणि चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी खालच्या रेषेने दाखवली आहे. माथ्यावर राजा-राण्यांच्या कारकिर्दींची पट्टी आहे.

मजुरीच्या मानाने गहू इतका स्वस्त पूर्वी कधीच नव्हता, हे त्यांना सिद्ध करायचे होते. पण आलेख पाहिला की नजर जाते ती गव्हाच्या उंचच उंच स्तंभांकडे. मजुरीची रेषा तळाशी हळूहळू चढते आणि गहू महागच झाला असा समज होतो. यात मोजपट्टी एकच आहे, दोन्हीकडे शिलिंग आहेत. तरी तुलना जुळत नाही. एकीकडे क्वार्टरभर, म्हणजे दोन क्विंटलहून थोड्या जास्त गव्हाची किंमत, दुसरीकडे एका आठवड्याची कमाई.

उपाय शाळेतल्या गणिताचा होता : भागाकार. गव्हाच्या दराला मजुरीने भागायचे. उदाहरणार्थ, दर ६० शिलिंग आणि मजुरी ३० शिलिंग असेल, तर क्वार्टरभर गव्हासाठी दोन आठवडे राबावे लागले. या उत्तराची एकच रेषा काढली असती, तर त्यांचे म्हणणे लगेच दिसले असते. ब्रेव्हियरीतही दरडोई कर काढून तेवढाच दाखवता आला असता.

आपण काय करावे?

दोन एकके शेजारी ठेवायचीच असतील, तर तीन साधे मार्ग आहेत. एक, भागाकार करून एकच आकडा काढा : दरडोई, प्रतिकिलो, प्रतितास. दोन, दोन्ही मालिकांचे पहिले वर्ष १०० धरून पुढचे आकडे त्या प्रमाणात मांडा. मग टक्केवारीतली वाढ एकाच अक्षावर दिसते. टँकरच्या उदाहरणात एक रेषा १०५ वर आणि दुसरी २०० वर जाईल. तीन, दोन वेगळे आलेख एकाखाली एक लावा आणि आडवा अक्ष समान ठेवा. मोबाइलवर हे वाचायलाही सोपे पडते.

दोन अक्ष नेहमीच चुकीचे असतात असे नाही. भूगोलाच्या पुस्तकात पावसाचे स्तंभ आणि तापमानाची रेषा एकत्र असते. तिथे कोणत्या महिन्यात काय होते, एवढेच पाहायचे असते. रेषा स्तंभाला कुठे छेदते, याला कुणी अर्थ देत नाही.

आणि तयार आलेख समोर आला, तर आधी दोन्ही बाजूंचे आकडे पाहा. अक्ष कुठून सुरू होतो? उजव्या बाजूचे एकक कोणते? रेषांचा छेद मोजपट्टी बदलल्यावर सरकेल का? सरकणार असेल, तर त्या छेदावरून निष्कर्ष काढू नका. मूळ आकडे दिले नसतील, तर मागा. वॉट यांनी प्लेफेअर यांच्याकडे तेच मागितले होते.

शेवटी प्लेफेअर यांचे काय झाले?

११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६३ वर्षे. अखेरचे दिवस गरिबीत गेले. त्यांच्या आलेखांकडे इंग्लंडमधील विद्वानांनी पुढची अनेक दशके फारसे लक्ष दिले नाही. ॲटलास आणि ब्रेव्हियरी ही दोन्ही पुस्तके २००५ मध्ये पुन्हा एकत्र प्रकाशित झाली. तोवर त्यांचे स्तंभ, रेषा आणि वर्तुळे जगभरातल्या प्रत्येक स्प्रेडशीटच्या मेन्यूत जाऊन बसली होती.