गोविंदराव टेंबे: पेटीचा जीव पट्टीत नसतो, भात्यात असतो

आपल्या साइटवर आपण एरवी प्रोसेसर, बॅटरी, अ‍ॅप्स यांच्याबद्दल बोलतो. आज जरा जुन्या मशीनबद्दल बोलू, आणि ते मशीन ज्यांच्या हातात बोलायचं त्या माणसाबद्दल. मशीन म्हणजे हार्मोनियम, आपल्या भाषेत पेटी. माणूस म्हणजे गोविंदराव टेंबे.

विषय डोक्यात आला त्याला कारण घरचं आहे. आम्ही चिंचपोकळीला चाळीत राहतो. आमच्या खोलीत आजोबांच्या भजनी मंडळाची एक पायपेटी आहे. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची पेटी, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. आजोबा गिरणीत होते, पाळी संपली की भजनाला बसायचे. आता चाळ पुनर्विकासाला जाणार, सामान कमी करायचं आहे आणि पेटीने अख्खा कोपरा अडवलाय. मी घरात सांगून टाकलं होतं की पेटी विकू, माझ्या लॅपटॉपमध्ये तिचा आवाज आहेच. एकसष्ट पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड जोडून मी आजीला 'मानापमान'मधलं एक पद वाजवून दाखवलं. सूर सगळे बरोबर होते. आजी शेवटपर्यंत ऐकत बसली आणि मग म्हणाली की हे श्वास घेत नाहीये.

बग रिपोर्ट असावा तर असा. मी ज्या पदाने ती चाचणी केली, त्याची चाल टेंब्यांचीच. म्हणून शोध त्यांच्यापासूनच सुरू केला.

आधी पियानोचं एक उदाहरण

युरोपात हा प्रश्न पियानोच्या बाबतीत बराच चर्चेत असतो. मोझार्टकडे व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरने बनवलेला पियानो होता. त्याला पट्ट्या होत्या ६१, म्हणजे माझ्या स्वस्त मिडी कीबोर्डाइतक्याच. आजच्या मोठ्या पियानोला ८८ असतात. वाल्टरच्या पियानोची चौकट लाकडी, तारा बारीक, आणि तारेवर पडणाऱ्या छोट्या हातोड्यांना चामडं लावलेलं. अख्खं वाद्य शंभर किलोच्या आत. आजच्या मैफलीच्या पियानोत ओतीव लोखंडाची चौकट असते आणि वजन पाचशे किलोच्या आसपास जातं.

फरक फक्त आकाराचा नाही. बेथोव्हनच्या १८०१ च्या 'मूनलाइट' सोनाटाचं उदाहरण घ्या. पहिला भाग पूर्णवेळ तारा मोकळ्या ठेवून, म्हणजे आवाज दाबणारे डॅम्पर उचलून वाजवा, अशी त्याची सूचना आहे. आजच्या पियानोवर ती शब्दशः पाळली तर सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो, कारण प्रत्येक सूर खूप वेळ घुमत राहतो. त्या काळच्या पियानोवर सूर लवकर विरायचा, त्यामुळे तीच सूचना तिथे चपखल बसते. म्हणजे चूक बेथोव्हनची नव्हती. आपण त्याचा कोड वेगळ्या हार्डवेअरवर चालवतोय, एवढंच!

म्हणूनच काही वादक मुद्दाम जुने किंवा जुन्या बनावटीचे पियानो घेऊन मोझार्ट, हायडन, बेथोव्हन वाजवतात. आता हाच प्रश्न आपल्या संगीत नाटकाला लावून बघू.

कोल्हापूरचा मुलगा आणि परदेशी पेटी

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचा. पेटी तेव्हा तशी नवीनच होती. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं १८४२ मध्ये. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल अशी आटोपशीर पेटी घडवली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आलं होतं. म्हणजे संगीत नाटक आणि गोविंदराव साधारण एकाच वयाचे.

पेटीचे धडे त्यांना कुणी पद्धतशीर दिले नाहीत. ते बहुतांशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं कानावर पडत होतं. पुढे त्यांनी भास्करबुवा बखले यांच्या गाण्याला पेटीची साथ केली. अल्लादियाखाँसाहेबांची अवघड, पेचदार गायकी त्यांनी जवळून ऐकली आणि आत्मसात केली. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्युटोरियल नव्हतं, डॉक्युमेंटेशन नव्हतं, समोर फक्त चालू सिस्टीम होती आणि ती ऐकून उलगडायची होती.

इथे खरी अडचण समजून घ्या. गायकाच्या गळ्यात मींड असते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पेटीत ते शक्यच नाही. प्रत्येक पट्टीखाली ठरावीक लांबीची पितळी पट्टिका असते, पेटीवाले तिलाच सूर म्हणतात. हवा गेली की ती थरथरते आणि आपला एकच आवाज देते. दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीही नाही. म्हणजे वाद्य डिजिटल आणि गाणं अ‍ॅनालॉग!

दुसरी अडचण सुरांच्या हिशोबाची. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा साधारण १.०५९५ पट. गायकाचा शुद्ध गंधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे १.२५ पट असतो. पेटीचा गंधार येतो १.२६ पट. काळी एकच्या षड्जावर, म्हणजे २७७ हर्ट्झला, गायकाचा गंधार ३४६.५ आणि पेटीचा ३४९ च्या थोडा वर. अडीच-पावणेतीन हर्ट्झने काय बिघडतं असं वाटेल. पण षड्ज आणि गंधार एकत्र धरले की त्यांचे वरचे अंशस्वर एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला सुमारे अकरा ठोके पडतात. तयार कानाला ते खुपतं.

अशा वाद्यावर अल्लादियाखाँ-भास्करबुवांच्या पठडीतलं गाणं काढायचं. गोविंदरावांनी ते इतकं साधलं की साथीच्या पेटीला त्यांनी स्वतंत्र वादनापर्यंत नेलं.

मानापमान

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' रंगमंचावर आणलं. चाली गोविंदरावांच्या. वय तिशीच्या आत, म्हणजे आज मी आहे साधारण तेवढंच. आधीच्या नाटकांत साकी, दिंडी आणि कानडी-मराठी वळणाच्या चाली खूप असत. गोविंदरावांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग मराठी पदांत आणला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती, तरीही त्यांनी प्रयोग थांबवला नाही.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या वर्षीच्या 'विद्याहरण'च्या चालीही गोविंदरावांच्या. भागीदारी फार टिकली नाही. दोनेक वर्षांत ते बाहेर पडले आणि १९१५ मध्ये त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. चालतं प्रॉडक्ट, नाव, भागीदारी सगळं सोडून शून्यापासून दुसरं उभं करायचं, हे तेव्हाही सोपं नव्हतंच.

त्यांच्या चाली मात्र मागे राहिल्या नाहीत. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन स्पर्धक कंपन्यांचे नट, एका रंगमंचावर आले. दोघांसाठी नाटक निवडलं गेलं ते याच चालींचं.

मग माझ्या कीबोर्डात बग कुठे होता?

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. पियानोची पट्टी जोरात मारली की आवाज मोठा, हळू मारली की लहान. मिडी कीबोर्ड हेच मोजतो. पट्टी किती वेगाने खाली गेली याला तो ० ते १२७ मधला आकडा देतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. म्हणजे हे मशीन मुळात पियानोच्या विचाराने बनलंय.

पेटीची पट्टी फक्त झडप उघडते. जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. लहान-मोठा आवाज ठरतो भात्यातल्या हवेच्या दाबावर. आणि हा दाब सगळ्या उघड्या सुरांना सामायिक असतो. सूर धरून ठेवलेला असतानाही तो वाढवता येतो, कमी करता येतो. पियानोवर एकदा सूर वाजला की तो विरत जाणार, त्याला फुगवता येत नाही. पेटीवर येतो. गायकाच्या लांबवलेल्या आलापाबरोबर पेटी भरत जाते ती यामुळेच.

आणखीही गोष्टी आहेत. दाब वाढला की आवाज मोठा होतोच, शिवाय त्याची धार वाढते आणि सूर किंचित उतरतो. खर्जातला सूर बोलायला वरच्या सुरापेक्षा जरा जास्त वेळ घेतो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुराचं एकाच दाबाला केलेलं रेकॉर्डिंग होतं आणि वर व्हेलॉसिटीने आवाज लहान-मोठा होत होता. म्हणजे माझी बोटं पियानो वाजवत होती आणि आवाज तेवढा पेटीचा येत होता. श्वास घेत नाही, म्हणजे नेमकं हे.

आणि आता गोविंदरावांचं काम नीट दिसायला लागतं. मींड नाही, गंधार चढा, पट्टीला मनाचा जोर कळत नाही. मग गाणं कुठून काढायचं? एक, पुढच्या सुराला हलकासा स्पर्श देऊन तिथे जायचं, म्हणजे कानाला घसरल्याचा भास होतो. दोन, आधीची पट्टी सुटायच्या आत पुढची धरायची, म्हणजे सूर तुटत नाही. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाता. शब्दाचं वजन, सुराचा उतार, तिहाईनंतरचा विसावा, सगळं तिथे. वाद्याला जे येत नाही त्याभोवती या मातीतली पेटीची कला घडली. ती ऐकायची तर हवा असलेलंच वाद्य लागतं, जसं बेथोव्हनची सूचना समजायला लवकर विरणारा पियानो लागतो.

रेडिओवर बंदी

पुढे बोलपट आला तेव्हा गोविंदराव पन्नाशीला आले होते, पण नव्या माध्यमाला बिचकले नाहीत. १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ला संगीत त्यांचं, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. तारामती दुर्गा खोटे होत्या. १९३९ मध्ये 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक आलं. पुढे 'माझा जीवनविहार' हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिलं.

आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. कारणं तीच, वर सांगितलेली: मींड नाही, श्रुती नाहीत, वाद्य परकं. तांत्रिकदृष्ट्या आक्षेप खोटे नव्हते. पण पेटीला काय येत नाही एवढंच त्यांत मोजलं होतं. त्या मर्यादांतून वादकांनी काय काढलं होतं, ते मोजलं नव्हतं. बंदी अंशतः उठली ती १९७१ मध्ये. गोविंदराव १९५५ मध्येच गेले होते. म्हणजे ज्या वाद्याने त्यांचं नाव केलं, त्याला देशाच्या रेडिओवर पुन्हा जागा मिळालेली त्यांनी पाहिली नाही.

तरी पेटी थांबली नाही. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांनी ती पुढे नेली. आज नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात पेटीवाला पदाआधी चार सूर भरून घेतो, त्यातही टेंब्यांच्या काळाचा धागा आहेच.

थोडक्यात, करायचं काय?

तुमच्याकडे मिडी कीबोर्ड असेल तर हे करून बघा. हार्मोनियमच्या आवाजात व्हेलॉसिटीचा परिणाम बंद करा. आवाजाचं नियंत्रण एक्स्प्रेशनला, म्हणजे कंट्रोलर क्रमांक ११ ला द्या आणि ते एका पेडलला जोडा. आता जोर बोटात ठेवू नका, पायात ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर गंधार थोडा उतरवून षड्जाबरोबर धरा. ते अकरा ठोके विरतात की नाही ते तुमचा कान सांगेल.

मी एवढं केलं आणि आजीला परत ऐकवलं. आता बरं आहे म्हणाली, आणि उठून पायपेटीवरचं कापड काढलं. मी बसलो. एक पाय भात्यावर ठेवला तर डावीकडून हवा फुसफुसत बाहेर आली, चामडं फाटलंय. खर्जातले तीन सूर बोलत नाहीत. पण मधल्या सप्तकाचा षड्ज धरला आणि पाय हळूहळू दाबत गेलो, तेव्हा तो सूर खोलीभर भरत गेला. पेडलने एवढा खटाटोप करून मी ज्याची नक्कल करत होतो, ते इथे नुसतं पायाखाली होतं.

पेटी आता विकायची नाही असं ठरलंय. दुरुस्तीवाल्याने भात्याचं चामडं बदलायला तीन आठवडे सांगितलेत. नव्या खोलीत ती नेमकी कुठे मावणार, ते अजून ठरायचंय. बहुतेक माझं टेबल जाईल.