बालवाडी वस्तीत नेणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीमागे एका शिक्षिकेचे आयुष्य उभे आहे. ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पण ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि लहान मुलांना कसे शिकवायचे, हे नव्याने शिकल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षिका घडवणे, हे ताराबाईंचे आयुष्यभराचे काम झाले.

१९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत बालशिक्षण केंद्र सुरू केले. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. महाग साहित्याऐवजी शिंपले, बिया, पाने वापरली. सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज मात्र तिथल्या सेविकेला वेतन नाही, मानधन मिळते. बालशिक्षणाची पदविका घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वस्तीकडे पाठ फिरवू नये. आणि चळवळीने सेविकेच्या प्रशिक्षणाचा, वेतनाचा प्रश्न आपला मानावा.