धबधब्यांचे फोटो काढणारे कार्लटन वॅटकिन्स

शाळेत फोटोवाला आला की तो आपल्याला हलू नका म्हणतो. पण धबधब्याला हलू नको असं कोण सांगणार? तरीपण धबधब्यांचे सुंदर फोटो काढणारे एक मोठे फोटोग्राफर अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव कार्लटन वॅटकिन्स.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८२९ रोजी न्यूयॉर्क राज्यात ओनिओंटा या गावी झाला. पुढे कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. खूप लोक तिकडे गेले, तसे वॅटकिन्सही गेले. तिथे ते फोटो काढायला शिकले.

१८६१ साली ते योसेमिटीच्या दरीत गेले. तिथला मोठा धबधबा २,४२५ फूट उंच आहे. तेव्हा तिकडे गाडीरस्ता नव्हता. सगळं सामान खेचरांवर लादून नेलं. त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती, काच होती. एक काच १८ इंच रुंद आणि २२ इंच लांब. आपल्या चार पाट्या जुळवल्या की जवळजवळ तेवढी होते! काचेवर औषध ओतायचं, ती ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि लगेच काळोख्या तंबूत नेऊन धुवायची. वाळली की मेहनत फुकट. काचेवर उजेड बराच वेळ पडू द्यावा लागे. म्हणून पडणारं पाणी फोटोत दुधासारखं दिसतं. तिथे मिरर लेक म्हणजे आरशासारखं तळं आहे. वारा आला की पाण्यातला डोंगर हलतो. म्हणून वारा पडेपर्यंत थांबावं लागायचं.

ते फोटो १८६२ साली न्यूयॉर्क शहरात लोकांनी पाहिले. तिकडच्या लोकांनी अशी दरी कधी पाहिली नव्हती. पुढे ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी कायद्यावर सही केली. ही दरी सगळ्या लोकांसाठी राखायची असं ठरलं. त्यात या फोटोंचाही हात होता असं मानतात.

पण वॅटकिन्स यांना धंद्यात खोट आली. दुकान आणि काचा दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. त्या काचांवरून दुसऱ्यानेच फोटो छापले आणि स्वतःचं नाव घातलं. वॅटकिन्स रडत बसले नाहीत. पन्नाशीला आले होते, तरी पुन्हा सामान बांधून त्याच दरीत गेले आणि नवीन फोटो काढले.

म्हातारपणी त्यांना दिसेनासं झालं. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला आणि आग लागली. त्यात त्यांच्या सगळ्या काचा गेल्या. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. त्यांच्या मनाला फार धक्का बसला. १९१६ साली ते मनाच्या आजाराच्या दवाखान्यात वारले.

पण आधी विकलेले कागदावरचे फोटो राहिले. ते आता मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि दरीतल्या एका डोंगराला माउंट वॅटकिन्स असं नाव आहे. तो डोंगर त्याच तळ्यात दिसतो. बर्फ वितळलं की धबधबाही अजून तसाच पडतो. माणसाचं सगळं गेलं तरी त्याचं चांगलं काम जात नाही, हे मला यातून समजलं.

– इयत्ता चौथी